डोळ्याने घेतलेलं माप

३ जानेवारी

नवीन डायरी. मागच्या वर्षीची फेब्रुवारीतच बंद पडली. त्यात माझी चूक नव्हती, पेन गळत होतं. यंदा रोज लिहायचं. थोडक्यात, खरं, आणि कुणाबद्दल वाईट नाही.

संकल्प: चहात साखर नाही. सहाला उठणे. माणसांशी गोड बोलणे.

आज दुकानात एक सोफा उघडला. बैठकीखालून निघालं ते असं: केसांचे पुंजके, अर्धं बिस्किट, कापलेली नखं, एक ओला मोजा (ओला कसा?) आणि एक कवळी. कवळी! घरात कुणीतरी बोळक्या तोंडाने हिंडतंय आणि बाकीचे त्याच्या दातांवर बसून टीव्ही बघतायत. शी. वर मालकीणबाईंना कव्हर हवं मखमलीचं, वाइन कलरचं. बडा घर पोकळ वासा. या धंद्यात मला माणसांची किळस आली ती काही उगाच नाही. मी त्यांना आतून पाहिलंय.

सहाला उठणे उद्यापासून.

६ जानेवारी

दुकानात घाई आली होती. घाई हे तिचं कॉलेजातलं नाव, मीच ठेवलेलं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची. अजूनही तशीच, आली तशी दारातल्या स्प्रिंगांवर पाय देऊन आली.

लग्न ठरलंय म्हणाली. तीस एप्रिल. मुलगा दातांचा डॉक्टर. मी मनापासून अभिनंदन केलं. मग हातातली हातोडी पायावर पडली, त्याचा याच्याशी संबंध नाही.

नंतर तिने मला गळच घातली की माझा लग्नाचा ड्रेस तू शिव. म्हणजे शब्द असे होते की तुझ्या ओळखीत कुणी चांगला शिंपी आहे का रे. पण मी तिला ओळखतो. मनातलं सरळ सांगायची तिला सवय नाही. काही माणसांचं असतं तसं. मी म्हणालो, आहे ना, समोरच उभा आहे. ती हसली. बराच वेळ हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली आणि म्हणाली, खरंच? तुला होईल वेळ? बघा. हेच हवं होतं तिला.

ताईला सांगितलं. (ताई म्हणजे थोरली बहीण. वरच्या मजल्यावर राहते, दुकानाचे फोन घेते आणि उरलेल्या वेळात माझ्या आयुष्यात नाक खुपसते.) म्हणाली, अरे, तू सोफे शिवतोस. म्हटलं, सोफ्याला पाठ असते, हात असतात, बैठक असते. डोकं तेवढं नसतं. ड्रेसलाही नसतं. ती कपाळाला हात लावून वर गेली.

११ जानेवारी

घाई नवऱ्या मुलाला दाखवायला घेऊन आली. काय दाखवायचं होतं कोण जाणे. उंच आहे. बाकी काही लक्षात राहण्यासारखं नाही, म्हणून यापुढे दाढकाढ्या.

हात मिळवला तो सोडेचना. हाताला लवंगेच्या तेलाचा वास. माझ्याशी बोलताना डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघतो. म्हणाला, वरची डावी दाढ एकदा दाखवून घ्या. न विचारता! मी कधी कुणाच्या घरी जाऊन म्हटलंय का की तुमच्या सोफ्याची बैठक खचलीय? (म्हटलंय. पण तो धंदा आहे.)

फळीवर ती कवळी ठेवली होती. त्याने उचलली, उलटीसुलटी केली आणि खूश होऊन म्हणाला, ही मीच बनवलीय, माझे पेशंट आहेत ते काका किती दिवस शोधतायत. रुमालात गुंडाळून खिशात घातली. त्याच खिशातून पेपरमिंटची गोळी काढून मला दिली. ओकारी आली. गोळी मी खिळ्यांच्या डब्यात टाकली.

अर्धा तास होते, उभेच. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस उभाच असतो, कारण सगळे सोफे उघडे, स्प्रिंगा वर. ताई म्हणते एक खुर्ची ठेव. खुर्ची ठेवली की लोक बसतात.

घाईला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. निव्वळ मित्र म्हणून. याच्यापेक्षा बरी माणसं जगात आहेत, एवढंच. उदाहरण देणार नाही.

२० जानेवारी

कापड आणलं. मोतिया रंगाचं सॅटिन. घाई सोबत आली होती. तिने वीस गठ्ठे खाली काढायला लावले आणि पहिलाच घेतला. कापडवाल्याने मला विचारलं, तुमच्या सूटचं कापड कसलं दाखवू? मी काही बोललो नाही, कुठे वेळ घालवायचा. घाईने सांगितलं त्याला. लगेच सांगितलं.

वर टिकल्यांची जाळीही घेतली. त्या टिकल्या आता माझ्या भुवयांत आहेत. चहात आहेत. दुपारी डब्यातल्या भातात निघाल्या. जगात इतकी घाण चमकत असते याची कल्पना नव्हती.

परत येताना तिला ती गोष्ट सांगणार होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा वेळ चांगली होती. पण सिग्नल सुटला.

साखर सोडलीय. चहात दोन चमचे मध घेतो.

२ फेब्रुवारी

मापं झाली. ताई सकाळपासून मागे लागलेली की मी घेते मापं, बाईमाणसाची आहेत, तू पुरुषमाणूस तिथे टेप घेऊन काय करणार. म्हटलं, टेप हे कच्च्या कारागिराचं काम. मी डोळ्याने घेतो.

घाई आली, दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, घे बाबा, पटकन. मी टेप गळ्यातून काढला आणि बाजूला ठेवला. टेपला सरस लागला होता हेही एक कारण. लांबून पाहिलं. समोरून पाहिलं. एका बाजूने पाहिलं. झालं म्हणालो. ती म्हणाली, इतक्यात? लिहून तरी घे. म्हटलं, लागत नाही.

मला घाम फुटला होता. दुकानात उकडतं. पंखा दुरुस्त करायला हवा.

१४ फेब्रुवारी

वैतागलोय. माझं मशीन रेक्झिनचं. सॅटिन खाली घातलं की गिळतं, चघळतं आणि थुंकून देतं. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणणारे म्हणोत, पण इथे अंगणच वाकडं आहे. सॅटिनला कणाच नाही. बुळबुळीत, लाचार कापड. हात लावावा तिकडे सरकतं. मला अशी माणसंही आवडत नाहीत.

संध्याकाळी युक्ती सुचली. सॅटिनच्या आतून कॅनव्हास लावला, सोफ्याच्या पोटाला लावतो तोच. मशीन एकदम खूश. कॅनव्हास घातल्यावर सॅटिनलाही थोडा स्वाभिमान आला.

दाढकाढ्याने ताईच्या हाती निरोप पाठवला की दाढ दाखवायला कधी येता. दुखत नाही. दुखली तरी मी दुसऱ्याकडे जाईन. तो दुसरा कितीही वाईट असला तरी.

१ मार्च

काम वेगात. खांद्यांना पातळ फोम. सगळ्या शिवणींना पायपिंग, आत दोरी घालून. कमरेत उभ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, कुशनची कड सरळ राहावी म्हणून घालतो त्या. मागे चेन, सोफ्याच्या गादीची, जन्मात तुटणार नाही. म्हणजे ड्रेस फाटेल, माणूस फाटेल, चेन राहील.

आज ताई दुकानात आली आणि किंचाळली. कोपऱ्यात कुणीतरी बिनडोक्याचं उभं आहे असं वाटलं तिला. तो ड्रेस होता. आत काही नाही, मागे टेकू नाही, आणि स्वतःच्या जिवावर उभा! मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. बाजारात जाऊन आणा म्हणावं असा ड्रेस. तिकडचे ड्रेस हँगरवरून काढले की खाली कोसळतात, दारुड्यासारखे.

ताईने ड्रेसला बोटाने टकटक केलं फक्त.

९ मार्च

ताई आणि घाई चपला आणायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा ताईच्या काखेत हा एवढा मोठा चपटा खोका. म्हटलं, चपला एवढ्या मोठ्या? ताई म्हणाली, टाच उंच आहे. खोका तडक वर नेला. बायकांच्या चपला हा प्रकारच मला किळसवाणा वाटतो.

२३ मार्च

ट्रायल!! ताईच्या खोलीत ड्रेस घालून घाई खाली आली, दुकानात, मोठ्या आरशापुढे. हळूहळू आली, एकेक पायरी. घाई आयुष्यात पहिल्यांदा एकेक पायरी उतरली.

बसला! एका सुताचा फरक नाही. खांदा खांद्यावर, कंबर कमरेवर, लांबी जमिनीपासून बोटभर वर. कात्री लावायची गरज नाही, टाका घालायची गरज नाही. ती आरशात बघत राहिली. तिची आई (मी तिला मावशी म्हणतो) डोळ्याला पदर लावून स्प्रिंगांमध्ये उभी राहून रडली. नंतर मावशी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, किती गुणी पोर आहेस रे, आता तुझंही बघायला हवं कुठेतरी, माझ्या जावेची भाची आहे, जरा जाड आहे पण स्वभावाने चांगली. मी हात गालावरून काढला. कांद्याचा वास येत होता.

मावशी वर गेल्यावर घाई म्हणाली, कसं रे जमलं तुला, न मोजता? आरशातूनच विचारलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रस्त्यावरही फारसा आवाज नव्हता. मी तोंड उघडलं आणि सांगितलं की आतून अस्तर दुहेरी आहे.

ती म्हणाली, हो का.

दुहेरी आहेच. खोटं काही बोललो नाही.

जेवताना ताईने तेच विचारलं, कसं जमलं. म्हटलं, अनुभव. तिने माझ्या ताटात वाढलं, परत वाढलं, मग म्हणाली, एकदा काय ते बोलून टाक बाबा, नंतर डोकं धरून बसशील. मला कळेना. अस्तराबद्दल सगळं बोललोय. पायपिंगबद्दलही.

१० एप्रिल

ठरलं. लग्नाच्या आधी तिला सांगायचं. वाक्य तयार केलंय. वाक्य छोटं आहे, ते इथे लिहीत नाही कारण डायरी ताईच्या हाती लागू शकते.

ते मी माझ्यासाठी सांगणार नाहीये, हेही इथे नोंदवून ठेवतो. मला स्वतःला लग्नाची हौस नाही. दोन माणसांनी एका सोफ्यावर वर्षानुवर्षं बसायचं, खाली नखं टाकायची. त्यापेक्षा हे बरं.

१८ एप्रिल

वाक्य घेऊन घाईच्या घरी गेलो. दाढकाढ्या तिथेच! स्वयंपाकघरात कांदा चिरत होता, मावशीच्या शेजारी, ॲप्रन बांधून. मला बघून डोळ्यांतून पाणी काढत हसला. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात ते हेच. माझं या घरात इतक्या वर्षांचं येणं-जाणं, मला कुणी कधी कांदा दिला नाही.

घाईने विचारलं, काही काम होतं का? म्हटलं, हो, चेनला मेण लावायचं सांगायला आलो होतो. ती म्हणाली, फोनवर सांगायचंस की. दाढकाढ्या म्हणाला, जेवूनच जा. जेवलो. वरच्या डाव्या बाजूने चावता येत नाही हल्ली. त्याच्या ते लक्षात आलं. माझ्या पानात मऊ भाजी वाढली त्याने, न बोलता. इतका संताप कधी आला नव्हता.

२९ एप्रिल

उद्या. माझी तयारी पूर्ण. सूट इस्त्री करून आणला. वाक्य पाठ आहे. सकाळी लवकर सांगायचं, आठच्या आत, म्हणजे तिला विचार करायला पुरेसा वेळ मिळेल. घोडा मैदान जवळच आहे.

सहाला उठणे.

३० एप्रिल

नऊला उठलो. घरात गोंधळ. घाई आमच्याकडेच तयार होत होती, ड्रेस इथे म्हणून. सगळं ठीक. ड्रेस घातला, चेन लावली, काय दिसत होती ते लिहीत नाही. दाराशी फुलं लावलेली कार आली. घाई कारपाशी गेली आणि बसायला लागली.

बसता येईना.

कमरेतून वाकेचना. मागून मावशीने ढकललं, पुढून ताईने ओढलं. ड्रेस जागचा हलला नाही. पट्ट्या, कॅनव्हास, सगळं आपलं काम चोख करत होतं. सोफ्याला बसावं लागत नाही. त्याच्यावर बसतात. हे आधी कुणीतरी बोलायला हवं होतं. जानेवारीपासून माझ्या दुकानात एवढी माणसं आली, एकाने तरी बसून दाखवायचं! शिवाय आजकालच्या गाड्यांच्या सीट फार खाली असतात. त्या कंपन्यांना लिहायला हवं.

ताई घाईला बाजूला घेऊन कुजबुजली की आता तो दुसरा घाल, खोका वर तयार आहे. घाई म्हणाली, नाही, सही होईपर्यंत हाच, त्याने शिवलाय. मला दुसरा म्हणजे काय ते कळलं नाही. खोक्यात चपला होत्या.

मग टेम्पो काढला. माझाच, सोफे पोचवायचा. फळी लावली, आणि घाई सरळ चढून मागे उभी राहिली. सोफे बांधायचा दोर हातात धरून. मी चालवायला. बाकी सगळे कारमधून पुढे.

म्हणजे आम्ही दोघंच. अगदी हळू चालवला. केबिनच्या मागे छोटी खिडकी आहे, माल हलतोय का बघायला. वळणावर ती खिडकी सरकली आणि घाई म्हणाली, तुला मला काहीतरी सांगायचंय ना? जानेवारीपासून तोंड उघडतोस आणि अस्तर सांगतोस. आता सांग, मी कुठे जात नाहीये.

वाक्य पाठ होतं. पहिला शब्द तिचं नाव होतं, खरं नाव. मी म्हणालो, हो. मग म्हणालो, उतरताना वर दांडा आहे, वाक जरा, नाहीतर डोक्याला लागेल.

ती म्हणाली, वाकता येत नाही रे मला.

खिडकी काही वेळ उघडीच होती. मग तिने बंद केली.

उतरवताना दाढकाढ्या धावत आला. फ्रिज उतरवतात तसं उतरवलं, त्याने कमरेला धरलं, मी फळी धरली. हॉलमध्ये सहीचं टेबल बुटकं, रजिस्टर टेबलावर, आणि घाई ताठ उभी. नोंदणीवाले साहेब म्हणाले, रजिस्टर उचलता येणार नाही, नियम आहे. मग दाढकाढ्याने टेबलाची एक बाजू उचलली आणि इकडेतिकडे बघून मला म्हणाला, तुम्ही दुसरी धरता का? धरली. छातीपर्यंत उचललं. सागवानी होतं. घाईने सही केली, सावकाश, पूर्ण नाव. मग तिने त्याची बाजू धरली आणि त्याने केली. मी पूर्ण वेळ माझी बाजू धरून होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबल खाली ठेवताना माझ्या पायावर आलं.

जेवणाच्या वेळी घाई दुसऱ्या ड्रेसमध्ये आली. निळा. ढिला, तयार घेतलेला, वाकडातिकडा पडणारा. त्या खोक्यातला. मार्चपासून घरात होता, माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर! ती खुर्चीवर धपकन बसली आणि दोनदा घेऊन जेवली. मला म्हणाली, तुझा ड्रेस फार सुंदर होता, खरंच. म्हटलं, दुहेरी अस्तर. ती म्हणाली, माहीत आहे रे. आणि माझ्या हातावर हात ठेवला. जेवणाचा तेलकट हात होता. मी पुसला नाही.

घरी येऊन ताईशी भांडलो. म्हटलं, माझ्यावर विश्वास नव्हता ना? म्हणाली, तुझ्या हातावर होता रे. तोंडावर नव्हता.

अशा माणसांबरोबर मी राहतो.

२ मे

दाढ सुजली. कुठेही गेलो नाही.

५ मे

दाढकाढ्याने काढली. दुखलं नाही. हे त्याला सांगितलं नाही.

१९ मे

ड्रेस घाईने परत पाठवला. त्यांच्या कपाटात मावत नाही म्हणे, घडी होत नाही. दुकानात कोपऱ्यात उभा आहे. गिऱ्हाइकं दचकतात. एका बाईने विचारलं, असं कव्हर खुर्चीला मिळेल का.

एक खुर्ची आणून ठेवली.

३ जून

घाईचा फोन. नव्या घरी सोफा घेतलाय, कव्हर शिवून दे. गेलो. मनात काही नाही. धंदा तो धंदा.

या वेळी टेप नेला. दाढकाढ्याने एक टोक धरलं, मी दुसरं. पाठ मोजली, हात मोजले, बैठक मोजली. दोनदा मोजलं. बैठकीवर घाई बसली होती, मांडी घालून, पोटाशी उशी घेऊन. उठू का म्हणाली. मी म्हणालो, नको, बस. मग दाढकाढ्याही तिच्या शेजारी बसला. टू-सीटर आहे. मी उभा होतो. गिऱ्हाइकाच्या घरी मी बसत नाही असं नाही, पण जागा नव्हती.

कुशनखाली हात घालून पाहिला. काही नाही. नवीन आहे अजून.

दुकानात येऊन कापड पसरलं, खडू घेतला, आणि लक्षात आलं की मापं लिहूनच घेतली नाहीत. डोळे मिटून पाहिले. पाठ किती, बैठक किती, एकही आकडा आठवत नाही.

उद्या दाढकाढ्याला फोन करून विचारायचं. आठच्या आत.